सिबिल खराब, म्हणून खातंच उघडत नाही? या चुका टाळा

नाशिकच्या सातपूर-अंबडला कंत्राटी कामावर लागलं की ठेकेदार पहिल्याच आठवड्यात पासबुकची झेरॉक्स मागतो. मोबाइलचे हप्ते थकलेले असले की अनेक जण बँकेची पायरीच चढत नाहीत. ही पहिली चूक. सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, बघतात ते कर्ज देताना. साध्या बचत खात्याला आधार, पॅन आणि फोटो लागतो. पॅन नसेल तर तसं सांगणारा फॉर्म बँकेत भरून चालतं. आधारवर पेठ-सुरगाण्याचा पत्ता असला तरी नाशिकचा पत्ता स्वतः लिहून देता येतो.

काउंटरवर नुसतं "खातं काढायचंय" म्हणू नका, मिनिमम बॅलन्सवालं खातं गळ्यात पडेल. 'बेसिक बचत खातं' किंवा 'जनधन' असं नाव घेऊन मागा. किमान शिल्लक नाही, एटीएम कार्ड फुकट, महिन्यातून चार वेळा पैसे काढायला शुल्क नाही. त्याच बँकेत तुमचं जुनं बचत खातं असेल, तर मात्र ते 30 दिवसांत बंद करावं लागतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक वेगळीच आहे: ज्या बँकेचं कर्ज थकलंय, तिथेच पगाराचं खातं उघडणं. पासबुकात 14 हजार दिसतात आणि एटीएम म्हणतं, पुरेशी शिल्लक नाही. बँकेने थकबाकीपोटी रकमेवर होल्ड लावलेला असतो, आणि करारानुसार तिला तो हक्क बहुतेक वेळा असतोच. म्हणून पगाराला दुसरी बँक बघा. कर्ज बुडवा असं अजिबात सांगत नाहीये. पण खोलीभाडं आणि किराणा भागवून हप्त्याचं बोलणं करणं बरं. नव्या खात्यावर ऑटो-डेबिटची, म्हणजे हप्ता आपोआप कापायची, सही घाईत देऊ नका. शिल्लक नसताना हप्ता परतला की बँक आणि कर्ज देणारा, दोन्हीकडून दंड बसतो.

जनधनच्या 10 हजारांच्या ओव्हरड्राफ्टवर डोळा ठेवूनही जाऊ नका. ते कर्जच आहे, सहा महिने खातं नीट चालवल्यावर बँक ठरवते.

आणि "साहेब नाही म्हणाले" एवढ्यावर परत फिरू नका. नकाराचं कारण लेखी मागा. कित्येकदा तिथेच काम होतं. नाहीच झालं तर बँकेकडे लेखी तक्रार करून पोच घ्या. 30 दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला पैसे पडत नाहीत.