जनरलच्या विषयांचं ध्येय कागदावर कसं आणाल?

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पहिली पाळी करून डिप्लोमाच्या वर्गात येणारी पोरं दरवर्षी मला विचारतातच, “मॅडम, स्किलचं ठीक आहे, पण हे जनरलचे पेपर कशाला?” विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) कौशल्य अभ्यासक्रमांच्या आराखड्यात वर्षाच्या 60 क्रेडिटपैकी 36 कौशल्याचे आणि 24 सामान्य शिक्षणाचे. एका क्रेडिटला थिअरीचे साधारण 15 तास धरले तर हे 360 तास होतात. एवढा वेळ जाणारच आहे, तर त्यातून काय पदरात पाडून घ्यायचं ते सत्राच्या पहिल्याच आठवड्यात तुम्ही ठरवा.

अभ्यासक्रमाची उद्दिष्टं काढून समोर ठेवा. त्यात ‘जाणीव निर्माण करणे’, ‘आकलन वाढवणे’ असं जिथे दिसेल तिथे पेन्सिलीने गोल करा. ही वाक्यं आम्ही मास्तर लोक मंजुरीसाठी लिहितो, तुमच्या कामाची नाहीत. प्रत्येक गोलाच्या जागी स्वतःचं एक वाक्य लिहा: सत्र संपताना मी कोणासमोर काय करून दाखवीन?

गणिताचं घ्या. ‘टक्केवारी समजेल’ असं लिहू नका. ‘माझी पगाराची स्लिप मी स्वतः तपासीन’ असं लिहा. समजा, बेसिक (मूळ पगार) आणि डीए (महागाई भत्ता) मिळून 12,000 आणि एकूण पगार 16,000. पीएफ, म्हणजे भविष्य निर्वाह निधी, बेसिक-डीएवर 12 टक्क्यांनी 1,440. ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) एकूण पगारावर 0.75 टक्के, म्हणजे 120. पुरुष कामगाराचा व्यवसाय कर 200 (फेब्रुवारीत 300). कपात झाली 1,760, हातात यायला हवेत 14,240. खात्यात 13,900 आले असतील, तर 340 कुठे गेले हे ठेकेदाराच्या माणसाला विचारता आलं पाहिजे. विचारताना आवाज कापला तरी चालेल, आकडा कापता कामा नये. मुलींनी व्यवसाय कराची ओळ आधी बघावी. महाराष्ट्रात 25,000 पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो लागत नाही.

भाषेच्या पेपरला माझी आवडती कसोटी म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज. महाराष्ट्रात तो एकाच विषयावर आणि 150 शब्दांत बसवावा लागतो, फी 10 रुपये, आणि माहिती 30 दिवसांत द्यायची असते. गल्लीतला रस्ता, बंद पडलेला दिवा, काहीही घ्या. पहिल्या मसुद्यात हमखास ‘सदर बाबतीत आपणांस विनंती करण्यात येते की’ येतं आणि निम्मे शब्द तिथेच संपतात. ते खोडा. कोणत्या कामाची, कोणत्या काळातली, कोणती कागदपत्रं हवीत, एवढंच ठेवा. निबंधात वीस पानं भरणारी मुलंही इथे घामाघूम होतात.

पर्यावरणाला फार ताणायचं कारण नाही. गंगापूर धरणातून घरच्या नळापर्यंत पाणी कसं येतं आणि घरचं सांडपाणी कुठल्या केंद्रात जातं, तपोवन की आगरटाकळी की आणखी कुठलं, हे नकाशावर बोट ठेवून सांगता आलं की झालं.

इतिहासाला मात्र वेळ द्या. काळाराम मंदिराचा सत्याग्रह 2 मार्च 1930 ला सुरू झाला, ही तारीख तर पंचवटीतलं पोरही सांगेल. ध्येय असं लिहा: बाहेरगावच्या पाहुण्याला देवळासमोर उभं राहून पाच मिनिटांत मागणी काय होती, विरोध कोणाचा होता आणि दादासाहेब गायकवाडांनी काय काम केलं हे सांगीन, आणि त्यातली कोणती गोष्ट कुठे वाचली तेही सांगीन. हे शेवटचं फार जणांना जमत नाही. व्हॉट्सअॅपवर आलेलं आणि पुस्तकात वाचलेलं त्यांच्या डोक्यात एकाच फडताळात पडलेलं असतं.

एका विषयाला एकच ध्येय पुरे. त्यापुढे तारीख टाका आणि तपासणाऱ्याचं नाव लिहा. तपासणारी शक्यतो मी नको, मी मार्क देऊन मोकळी होते. स्लिप लाइनवरच्या जुन्या कामगाराला दाखवा, अर्ज शेजारच्या काकांना वाचायला द्या. त्यांना दोनदा विचारावं लागलं, तर अर्ज परत लिहायचा.