फुलांच्या वाफ्यात घरचं कंपोस्ट घालताय? या चुका टाळा

वाफ्यात मोठ्या हौसेने घरचं कंपोस्ट घातलं आणि काही दिवसांत रोपं पिवळी पडली, ही तक्रार फार जणांची असते. मग मातीला नाहीतर रोपवाटिकेला बोल लावला जातो. बहुतेक वेळा खत कच्चं असतं, एवढंच.

कच्च्या खतात कुजण्याची क्रिया चालूच असते. ती करणाऱ्या जिवाणूंना नत्र लागतं आणि ढिगात ते कमी पडलं की मातीतलं नत्र ते आधी उचलतात. रोप उपाशी राहतं, जुनी, खालची पानं पिवळी पडू लागतात. भुसा किंवा सुका पाला जास्त असलेल्या ढिगात हे हमखास होतं. खत तयार आहे का हे बघायचं तर मूठभर ओलसर खत प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन-चार दिवस सावलीत ठेवा. उघडल्यावर नुसता मातीचा वास आला तर घाला. आंबूस वास किंवा अमोनियाचा झणका आला तर परत ढिगात टाका. आधीच घातलं असेल तर उकरत बसू नका. नवं खत थांबवा, थोडं नत्रयुक्त द्रवखत द्या आणि वाट पाहा. कुजणं संपलं की अडकलेलं नत्र हळूहळू मोकळं होतं.

दुसरी चूक अतिरेकाची. झाड हिरवंगार, पानं भरघोस, पण कळीचा पत्ता नाही, असं दिसलं तर नत्र जास्त झालंय. पानांच्या कडा करपत असतील तर खतातले क्षार वाढल्याची शक्यता धरा. नव्या वाफ्यात 5 सेंमीचा थर वरच्या 15 ते 20 सेंमी मातीत मिसळा. जुन्या वाफ्याला वर्षाकाठी 2 सेंमी पुष्कळ झाले. खोडाभोवती मात्र चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर बुंधा सडतो.

खत मिसळण्याआधी वापसा आलाय ना, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी झालीय ना, ते बघा. मुठीत दाबलेला मातीचा गोळा बोटाने टोचल्यावर फुटला पाहिजे. चिखलात खुरपं चालवलं की चिकण मातीची दगडासारखी ढेकळं होतात आणि मग कितीही कंपोस्ट घातलं तरी मुळांना हवा मिळत नाही. अशा मातीत थोडीशी वाळू घालण्याचा सल्लाही मनावर घेऊ नका, माती आणखी घट्ट बसते.

बी धरलेलं तण, रोगट फांद्या आणि कुत्र्या-मांजरांची विष्ठा ढिगात नको. ढीग काही दिवस 55 अंशांच्या वर तापला तरच बी आणि रोगजंतू मरतात. घरचे छोटे ढीग सहसा तेवढे तापत नाहीत. बाहेरून आणलेल्या गवतावर तणनाशक मारलं होतं का, तेही विचारून घ्या. काही तणनाशकं कुजूनही टिकतात. शंका असेल तर कुंडीत त्या खतात घेवड्याचं बी पेरून बघा. कोवळी पानं वेडीवाकडी मुरडली तर ते खत वाफ्यात घालू नका.