कार्यक्रमपत्रिका हातात घेऊन पोशाख ठरवावा

नव्याने निवडून आलेल्या सदस्याकडे पहिले शासकीय निमंत्रण आले की घरात चर्चा सुरू होते ती रंगाची. जाकीट कोणत्या रंगाचे घालावे, पक्षाचा रंग असावा की नसावा, मागच्या सत्काराला घातलेलेच पुन्हा घातले तर चालेल का, असे प्रश्न निघतात. लोकप्रतिनिधींच्या कार्यालयात अनेक वर्षे काढल्यानंतर मला असे दिसते की यांतला एकही प्रश्न पहिला नाही. पहिला प्रश्न असा, की त्या दिवशी आपल्याला शरीराने काय काय करावे लागणार आहे? म्हणून कपाट उघडण्याआधी ‘मिनिट-टू-मिनिट’ कार्यक्रम मागवून घ्यावा आणि त्यातील प्रत्येक बाबीसमोर आपले हात, मान, गुडघे आणि पाय कुठे असतील हे लिहून काढावे. ऐकायला हे हास्यास्पद वाटते, पण फजिती होते ती नेमकी इथेच.

पुतळ्याला पुष्पहार अर्पण करण्याचेच उदाहरण घ्या. चौथऱ्यावर चढून दोन्ही हात डोक्याच्या वर न्यावे लागतात. आखूड शिवलेले जाकीट अशा वेळी बरगड्यांपर्यंत वर सरकते, खोचलेला शर्ट सुटतो, आणि खाली उभ्या असलेल्या छायाचित्रकारांना नेमका तोच क्षण मिळतो. शिंप्याकडे माप देताना आपण सगळे हात खाली सोडून ताठ उभे राहतो आणि त्या अवस्थेत बसणारे कपडे घेऊन घरी येतो. त्याऐवजी कच्ची शिलाई अंगावर असतानाच दोन्ही हात वर करून पाहावेत, वाकून पाहावे आणि शक्य असेल तर दुकानातल्या एखाद्या बुटक्या स्टुलावर बसून पाहावे, कारण व्यासपीठावरचे सोफे हमखास खोल आणि ठेंगणे असतात. हार घालण्याचे काम वारंवार करावे लागणाऱ्यांना गुडघ्यापर्यंतचा सदरा, म्हणजे आपण ज्याला नेहरू शर्ट म्हणतो तो, खोचलेल्या शर्टापेक्षा सोयीचा पडतो. तो वर सरकला तरी काही उघडे पडत नाही.

मंत्रिपदाच्या शपथविधीची गोष्ट वेगळी आहे. तिथे हालचाल थोडी असते. सारा भार गळ्यावर येतो. राज्यपालांनी ‘मी’ म्हटल्यानंतर पुढचा मजकूर मोठ्याने आणि न अडखळता वाचायचा असतो, आणि ताण आलेल्या माणसाची मान फुगते. बंद गळ्याच्या कोटाचा हुक लावल्यानंतर कॉलर आणि गळा यांच्यामध्ये दोन बोटे सहज गेली पाहिजेत. एकच जात असेल तर कॉलर सैल करून घ्यावी. वाचायचा चष्मा डाव्या खिशात, डब्याविना ठेवावा. शपथेनंतर नोंदवहीत सही करायची असते, तेव्हा पेन चाचपत बसू नये म्हणून तेही ठेवावे, पण पांढऱ्या सदऱ्याच्या छातीवरच्या खिशात नव्हे. शाईचा एक ठिपका पडला तर तो पुढे वर्षानुवर्षे प्रत्येक छायाचित्रात दिसत राहतो. समारंभ राजभवनातील सभागृहात आहे की उघड्यावर, हेही पाहावे. २०१४ चा शपथविधी वानखेडे स्टेडियमवर झाला, २०१९ चा शिवाजी पार्कवर आणि २०२४ चा आझाद मैदानावर. मैदानावर घाम, वारा आणि धूळ तिन्ही असतात. तिथे अस्तर लावलेला जाड कोट घालणारा माणूस भाषणे सुरू होण्याआधीच भिजलेला असतो. उलट नागपूरच्या हिवाळी अधिवेशनासाठी डिसेंबरात जाणाऱ्याने जाकिटाच्या आत मावेल असा पातळ लोकरी स्वेटर नक्की न्यावा.

पांढऱ्या कपड्यांविषयी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण आपल्याकडे औपचारिक म्हणजे पांढरे असे समीकरणच झाले आहे. खादी, लिनन आणि टेरिकॉट हे तिन्ही पांढरे असले तरी वागतात वेगवेगळे. खादीला खळ घालून कडक इस्त्री केली तर ती पहिला तासभर देखणी दिसते, पण मोटारीत दीड तास बसल्यावर पाठीवर आणि कोपरांच्या आत चुण्यांचे जाळे पडते. म्हणून दूरच्या कार्यक्रमाला जाताना सदरा हँगरवर टांगून न्यावा आणि विश्रामगृहावर बदलावा. लिनन तर घालताक्षणी चुरगळायला लागते. पण त्याच्या चुण्या त्याला शोभतात, असे मानण्याची आता रीत पडली आहे. (तालुक्याच्या राजकारणात पांढऱ्या लिननने खादीची जागा कधी घेतली, हे कोणाच्या लक्षातही आले नाही.) अगदी निळसर पांढरे कापड वाहिन्यांच्या दिव्यांखाली भगभगते आणि चेहरा काळवंडलेला दिसतो, त्यामुळे किंचित दुधाळ छटा निवडावी. मलमलीसारख्या पातळ कापडाखाली बिनबाह्यांचे बनियन घातले तर त्याची कड खांद्यावर स्पष्ट उमटते. बाह्यांचे, अंगाच्या रंगाला जवळचे बनियन घालावे.

ध्वजारोहणाच्या वेळी डोक्यावर काही असावे का, हा प्रश्न दर १ मे, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला विचारला जातो. ध्वजसंहितेनुसार मान्यवराने शिरोभूषण नसतानाही मानवंदना स्वीकारण्यास हरकत नाही, तेव्हा केवळ नियमासाठी टोपी शोधत फिरण्याचे कारण नाही. ज्याला गांधी टोपीची सवय आहे त्याने ती जरूर घालावी. सवय नसलेल्याच्या डोक्यावर मात्र ती उसनी दिसते. तिरंगी बिल्ला छातीवर लावावा. राष्ट्रध्वज कमरेखालच्या वस्त्रावर वापरणे किंवा रुमालावर भरणे, छापणे हा १९७१ च्या कायद्यानुसार अवमान ठरतो. कार्यकर्ते उत्साहाने तिरंगा छापलेले रुमाल वाटतात, तेव्हा त्यांना वेळीच थांबवावे.

फेट्याचे दोन प्रकार धरून चालावे: आपण ठरवून बांधलेला आणि सत्कारात डोक्यावर ठेवला जाणारा. पहिल्यासाठी बांधणाऱ्याला वेळेआधी बोलवावे, खुर्चीवर ताठ बसावे आणि चष्मा डोळ्यांवर ठेवूनच फेटा बांधून घ्यावा, नाहीतर काड्या नंतर कापडाखाली शिरत नाहीत आणि कानशिले दुखू लागतात. तुरा फार उंच काढायला सांगू नये, कारण मागच्या रांगेतील ज्येष्ठ मंडळी झाकली जातात आणि त्याचा राग दीर्घकाळ टिकतो. दुसरा प्रकार तयार फेट्याचा. तो सगळ्यांसाठी एकाच मापाचा आणलेला असतो आणि कोणाच्या भुवयांवर उतरतो, तर कोणाच्या टाळूवर तरंगतो. छायाचित्र होईपर्यंत डोक्यावर ठेवावा आणि भाषणाला उठण्यापूर्वी दोन्ही हातांनी उतरवून मांडीवर घ्यावा. जमिनीवर किंवा चहाच्या टेबलावर ठेवू नये.

महिला प्रतिनिधींच्या अडचणी निराळ्या असतात आणि त्यांचा विचार आयोजक क्वचितच करतात. कॉलर माइकची पेटी पुरुषाच्या खिशात जाते. साडीत ती कमरेला, परकराच्या नाडीपाशी अडकवावी लागते, आणि तिची तार पदराखालून वर घ्यावी लागते. हे काम व्यासपीठावर शक्य नाही, म्हणून माइक हातातला हवा असे आदल्या दिवशीच कळवावे. दीपप्रज्वलन करताना मोकळा पदर ज्योतीकडे झुकतो. पदर खांद्यावर चुण्या घालून पिनने पक्का करावा आणि डाव्या हाताने आवरून धरावा. पैठणी सत्काराला शोभते, पण जरीच्या वजनामुळे तीन ठिकाणी चढ-उतार असलेल्या दिवशी ती जड जाते. त्या दिवशी सुती इरकल किंवा करवतकाठी बरी. काचेच्या बांगड्या टेबलावरच्या माइकशेजारी वाजतात आणि सभागृहभर ऐकू येतात. प्रतिभाताई पाटील राष्ट्रपतिपदाच्या २००७ ते २०१२ या काळात डोक्यावरून पदर आणि पूर्ण बाह्यांचा पोलका याच वेषात देशोदेशीच्या मानवंदना स्वीकारत होत्या. पदर नीट बसवलेला असेल तर तो आड येत नाही.

पायांकडे कोणी पाहत नाही असे समजू नये. समईपाशी, मूर्तीपाशी, कधी पुतळ्याच्या चौथऱ्यावरही पादत्राणे काढावी लागतात, तेव्हा नाडीचे बूट सोडवत बसणाऱ्या पाहुण्यासाठी सगळे व्यासपीठ ताटकळते. चढवायला सोपे बूट किंवा चपला घालाव्यात आणि मोजे सकाळी उजेडात तपासावेत. एका कार्यक्रमात आमच्या साहेबांचा उजवा अंगठा मोज्यातून पूर्ण बाहेर आलेला मी पाहिला आहे. दिवा त्यांनी शांतपणे लावला, पण परतताना गाडीत ते माझ्याशी बोलले नाहीत. मोजे पोटरीपर्यंतचे असावेत, कारण ठेंगण्या सोफ्यावर बसल्यावर पायजमा किंवा पँट वर जाते.

अमुकच वेष प्रतिष्ठेचा, असे मात्र मानू नये. यशवंतराव चव्हाण धोतर आणि गांधी टोपीत मुख्यमंत्री होते, वसंतराव नाईक सुटात आणि हातात पाइप घेऊन. महाराष्ट्राने दोघांनाही आपले मानले. मनोहर पर्रीकरांनी अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि सँडल ही गोव्यातली सवय दिल्लीत संरक्षणमंत्री झाल्यावरही पुष्कळशी टिकवली. लोकांना खटकतो तो अचानक झालेला बदल आणि कापडावर उघड दिसणारा खर्च. २०१५ च्या जानेवारीत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ओबामांच्या भेटीत घातलेल्या गडद कोटाच्या रेघा म्हणजे त्यांच्याच नावाची बारीक अक्षरे आहेत, हे छायाचित्र मोठे करून पाहणाऱ्यांनी शोधले. पुढच्याच महिन्यात सुरतेतील लिलावात तो सूट ४ कोटी ३१ लाख रुपयांना गेला, तरीही चर्चा थांबली नाही. आता प्रत्येक श्रोत्याच्या हातात तसा कॅमेरा आहे, तेव्हा कापडावर जे वाचता येईल ते वाचले जाणार असे धरूनच ते निवडावे.

दुःखद प्रसंगी नियम उलटा होतो: तिथे कपडे बदलू नयेत. १३ सप्टेंबर २००८ रोजी दिल्लीत स्फोट झाले, त्या संध्याकाळी तत्कालीन गृहमंत्री शिवराज पाटील वेगवेगळ्या पोशाखांत दिसल्याने त्यांच्यावर टीकेची झोड उठली. वार्ता येईल तेव्हा अंगावर जे असेल त्यातच निघावे. फेटा, हार, उपरणे आणि गुलाल तेवढा काढावा. गुलालासाठी गाडीत ओला पंचा ठेवावा, आणि गुलाल आधी कोरड्या फडक्याने झटकून मगच पुसावा, कारण पाणी लागताच पांढऱ्यावर गुलाबी डाग पसरतो.

त्याच गाडीत एक पिशवी कायम भरलेली असावी. तिच्यात इस्त्री केलेला पांढरा सदरा, मोज्यांचा जोड, चार-सहा पिना, आणि पांढऱ्या व काळ्या अशा दोन्ही दोऱ्यांनी ओवलेल्या सुया ठेवाव्यात. बंद गळ्याच्या कोटाचा हुक निघतो तो बहुधा गाडीतून उतरताना, आणि बाहेर तोवर बँड सुरू झालेला असतो.