ताई ची करताना गुडघा ठणकायचा, तो कसा थांबला

शिवाजी पार्कात सकाळी आमचा छोटा ग्रुप ताई ची, म्हणजे संथ हालचालींचा चिनी व्यायाम करतो, त्यातल्या यांग स्टाईलचा तो २४ स्टेप्सचा फॉर्म (ठरलेल्या क्रमाच्या हालचाली), चीनच्या क्रीडा खात्याने १९५६ साली सोपा करून बसवलेला. सोपा कसला, हातांकडे लक्ष दिलं की पाय कुठे तेच कळत नाही!

तर माझा उजवा गुडघा आतल्या बाजूने ठणकायला लागला. वळताना सगळं वजन त्याच पायावर आणि पाऊल जमिनीला चिकटलेलं, त्यात जाड ग्रिपचे रनिंग शूज, मग पीळ बसणार तो गुडघ्यालाच ना. आता आधी वजन मागच्या पायावर घेतो, पुढचा पंजा उचलून टाचेवर अलगद फिरवतो आणि मग कमरेतून वळतो, गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत, आत ढळू द्यायचा नाही. फार खाली बसणंपण सोडलं. सपाट तळाचे कॅनव्हास शूज घेतले दादरलाच.

फॉर्मच्या आधी ची गाँग, म्हणजे श्वास आणि हालचालींच्या चिनी व्यायामातलं बा दुआन जिन करतो, आठच हालचाली, पावसाळ्यात घरी पंख्याखालीपण होतं. ठणका गेला. तुमच्या गुडघ्याला सूज असेल किंवा तो मध्येच अडकत असेल तर मात्र आधी ऑर्थोला दाखवा, हे नंतर.