रशियाच्या लष्करी हस्तक्षेपांबाबतच्या अमेरिकी धोरणावर टीकालेख कसा लिहावा

जॉर्जिया, क्रिमिया, सीरिया आणि युक्रेन येथे रशियाने सैन्य उतरवले, तेव्हा अमेरिकेने काय केले आणि काय करायचे टाळले, यावर कठोर टीका व्हायलाच हवी, कारण त्या निर्णयांचे परिणाम तेथील सामान्य माणसांनी भोगले आहेत. मात्र यांतील बरेचसे लेख ‘अमेरिका कचरली’ किंवा ‘अमेरिकेनेच रशियाला डिवचले’ या ठरीव वाक्यांभोवती फिरत राहतात. टीका एखाद्या नेमक्या निर्णयावर असली तरच ती टिकते. तो निर्णय कोणी घेतला, कधी घेतला, त्या दिवशी काय ठाऊक होते, दुसरा कोणता मार्ग मोकळा होता आणि त्या मार्गाने गेल्यास काय मोजावे लागले असते, हे सांगता येईपर्यंत लेख लिहायला घेऊ नये.

सर्वप्रथम कालखंड ठरवून घ्यावा. बुश, ओबामा, ट्रम्प आणि बायडेन यांच्या कारकिर्दींत हे धोरण इतके बदलत गेले आहे, की सर्वांना एकाच मापाने मोजणारा लेख कोणालाच नीट लागू पडत नाही.

त्यानंतर घटना तारीखवार मांडाव्यात. जॉर्जियाचे उदाहरण यासाठी फार उपयोगी आहे. एप्रिल २००८ मध्ये बुखारेस्ट येथे झालेल्या नाटो या अमेरिकाप्रणीत लष्करी आघाडीच्या परिषदेत जॉर्जिया आणि युक्रेन पुढे कधीतरी सदस्य होतील असे जाहीर करण्यात आले. परंतु सदस्यत्वाच्या पूर्वतयारीचा अधिकृत आराखडा त्यांना मिळावा हा बुश यांचा आग्रह जर्मनी आणि फ्रान्स यांच्या विरोधामुळे मान्य झाला नाही. ७ ऑगस्टच्या रात्री जॉर्जियाच्या सैन्याने त्स्खिनवालीवर, म्हणजे जॉर्जियातून फुटलेल्या दक्षिण ओसेशिया या प्रदेशाच्या राजधानीवर, तोफांचा मारा केला, रशियाचे सैन्य दक्षिण ओसेशियाच्या सीमेपलीकडे जॉर्जियाच्या उर्वरित भूमीत शिरले आणि २६ ऑगस्टला रशियाने अबखाझिया (असाच फुटलेला दुसरा प्रदेश) व दक्षिण ओसेशिया यांना स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिली. अमेरिकेने इराकमधील जॉर्जियन सैनिकांना विमानांनी मायदेशी पोहोचवले, एक अब्ज डॉलरची मदत जाहीर केली, रशियाबरोबरचा नागरी अणुकरार काँग्रेसमधून, म्हणजे अमेरिकी संसदेतून, मागे घेतला. आर्थिक निर्बंध मात्र लादले नाहीत. मार्च २००९ मध्ये, म्हणजे सात महिन्यांत, अमेरिकेच्या तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन जिनिव्हात रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव यांच्यासोबत संबंधांची नवी सुरुवात जाहीर करत होत्या.

हा क्रम डोळ्यांसमोर असला की टीकेला धार येते. माझ्या मते बुखारेस्टचा निर्णय सर्वांत सदोष होता, कारण त्याने रशियाला चिथावणीचे निमित्त दिले आणि जॉर्जियाला संरक्षण मात्र दिले नाही. जिनिव्हातील नव्या सुरुवातीवर टीका करताना तिच्यातून काय पदरात पडले तेही लिहावे लागेल: अफगाणिस्तानातील फौजांसाठी रशियातून जाणारा रसद मार्ग, २०१० चा अण्वस्त्र कपातीचा करार आणि त्याच वर्षी इराणवरील निर्बंधांना सुरक्षा परिषदेत मिळालेले रशियाचे मत. या लाभांच्या तुलनेत जॉर्जियाचा प्रश्न मागे पडला हे चूक होते असे म्हणायचे असेल तर जरूर म्हणावे. पण लाभ लपवून म्हणू नये.

मूळ दस्तऐवज वाचल्याशिवाय करारभंगाचा आरोप करू नये. युक्रेनने अमेरिका, रशिया आणि ब्रिटन यांच्याबरोबर केलेला ५ डिसेंबर १९९४ चा बुडापेस्ट करारनामा हे याचे ठळक उदाहरण. अमेरिकेने युक्रेनच्या संरक्षणाचे वचन दिले आणि २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया बळकावला तेव्हा ते मोडले, असे सर्रास लिहिले जाते. दस्तऐवज अगदी लहान आहे. त्यात युक्रेनच्या सीमांचा आदर करणे, बळाचा वापर न करणे, अण्वस्त्रांचा वापर असलेले आक्रमण झाल्यास वा तशा आक्रमणाची धमकी आल्यास सुरक्षा परिषदेत तातडीची कारवाई मागणे आणि शंका उपस्थित झाल्यास विचारविनिमय करणे अशा स्वरूपाची बांधिलकी आहे. सैन्य पाठवण्याचे बंधन त्यात कुठेही नाही. तो करारनामा रशियाने मोडला. अमेरिकेवरील खरी टीका निराळी आहे आणि ती अधिक जड आहे: युक्रेनने आपल्या भूमीवरील अण्वस्त्रे ज्या कागदाच्या भरवशावर सोडली, तो कागद इतका तोकडा ठेवण्यात अमेरिकेचाही हात होता.

निर्बंधांबद्दल लिहिताना त्यांचा हेतू आधी स्पष्ट करावा. आक्रमण रोखणे, शिक्षा करणे आणि बळकावलेला प्रदेश सोडायला लावणे हे तीन वेगळे हेतू आहेत, आणि क्रिमिया परत मिळाला नाही एवढ्यावरून पहिले दोन्ही फसले असे सिद्ध होत नाही. इथेही तारखा तपासाव्यात. पूर्व युक्रेनवर प्रवासी विमान पाडून २९८ जणांचा बळी गेल्यानंतरच अमेरिकेने रशियाच्या बँका व ऊर्जा कंपन्यांना हात लावला, असे अनेकदा वाचायला मिळते. ते निर्बंध १६ जुलै २०१४ रोजी जाहीर झाले होते. विमान पाडले गेले ते १७ जुलैला. त्या घटनेनंतर कडक पवित्रा घेतला तो युरोपीय संघाने.

लेखाचा सर्वांत अवघड भाग म्हणजे पर्यायाची किंमत मांडणे, आणि तेथे घाई करू नये. ओबामा यांनी युक्रेनला रडार आणि रात्री पाहण्याची उपकरणे दिली, प्राणघातक शस्त्रे नाकारली; जॅव्हलिन रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रे ट्रम्प यांच्या काळात २०१८ मध्ये पोहोचली. बायडेन यांच्या काळात हायमार्स हे अग्निबाण डागणारे फिरते प्रक्षेपक २०२२ च्या जूनमध्ये आले, एब्रम्स रणगाड्यांची घोषणा जानेवारी २०२३ मध्ये झाली आणि एफ-१६ विमाने देण्यास मित्रदेशांना त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये परवानगी मिळाली. आधी नकार, मग चर्चा आणि अखेर होकार, या रीतीने रशियाला खंदक खणायला व भूसुरुंग पेरायला अवधी मिळाला, ही टीका मला रास्त वाटते. तरीही अण्वस्त्रधारी देशाशी थेट युद्ध पेटण्याची भीती तेव्हा खरी होती, आणि पुढे तसे घडले नाही म्हणून ती भीती पोकळ होती असा निष्कर्ष काढता येत नाही. आपण सुचवलेला मार्ग अधिक धोक्याचा होता हे मान्य करून, तो धोका का पत्करायला हवा होता, हे समजावून सांगावे.

नाटोच्या विस्तारावरील टीकाही अभ्यासपूर्वक करता येते. अमेरिकेचेच ज्येष्ठ मुत्सद्दी जॉर्ज केनन यांनी १९९७ मध्येच या विस्ताराला घातक चूक म्हटले होते, त्यामुळे हा मुद्दा मॉस्कोचा प्रचार म्हणून झटकून टाकता येत नाही. परंतु कारणे सांगताना जबाबदारी दुसऱ्याच्या खांद्यावर सरकवली जाऊ नये: २४ फेब्रुवारी २०२२ रोजी सैन्याला सीमा ओलांडण्याचा आदेश मॉस्कोतून निघाला. अमेरिकेनेही असेच केले आहे हे सांगण्यासाठी इराकवरील तिच्या २००३ च्या हल्ल्याचा दाखला द्यायचा असल्यास त्याने प्रत्यक्षात काय बिघडवले ते दाखवावे. कोसोव्होच्या बाबतीत ते सोपे आहे, कारण सर्बियातून फुटलेल्या या प्रदेशाच्या स्वातंत्र्याला अमेरिकेने २००८ मध्ये दिलेल्या मान्यतेचा आधार पुतिन यांनी क्रिमिया ताब्यात घेताना उघडपणे घेतला होता.

अखेरची सूचना चालू घडामोडींवर लिहिणाऱ्यांसाठी. २४ फेब्रुवारी २०२५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत अमेरिकेने युक्रेन आणि युरोपच्या ठरावाविरुद्ध रशियाच्या बाजूने मत दिले, मार्चच्या सुरुवातीला युक्रेनची लष्करी मदत आणि गुप्तवार्ता थांबवली आणि ११ मार्चला दोन्ही पुन्हा सुरू केल्या. इतक्या वेगाने बदलणाऱ्या धोरणावरील लेखात कोणत्या तारखेपर्यंतची स्थिती गृहीत धरली आहे, ते पहिल्याच परिच्छेदात नमूद करावे.