व्हर्टस जीटी: मॅन्युअल घ्यावी की डीएसजी?

चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टस सेडानचं १.५ टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिन मॅन्युअल आणि डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) या दोन्ही गिअरबॉक्ससोबत १५० पीएस आणि २५० न्यूटन-मीटरच देतं. म्हणून ताकदीचा हिशोब सोडा, तुमचा रस्ता बघा.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमभोवती नको. संध्याकाळी सहाला हिंजवडीच्या कोंडीत घ्या, दोन्ही गाड्या. मॅन्युअलमध्ये डावा गुडघा कुरकुरला, तर रोज कुरकुरणारच. पण सात गिअरच्या डीएसजीत ड्राय, म्हणजे तेलात न बुडणारा, क्लच आहे, तोही कोंडीत तापतो. पुढच्या गाडीला चिकटून इंच-इंच सरकू नका. थोडी जागा होऊ द्या, मग निघा. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणं तर अजिबात नको, ब्रेक दाबा.

मी स्वतः सहा गिअरची मॅन्युअल निवडली, कारण माझे रविवार ताम्हिणी घाटात जातात. वळणाआधी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना हाताला जे कळतं, ते मला डीएसजीच्या स्टिअरिंगमागच्या गिअर-पॅडलमधून मिळत नाही. डीएसजी गिअर माझ्यापेक्षा झपकन बदलते, हे मात्र खरं.

घरात आणखी कुणी गाडी चालवणार असेल, तर त्यांनाही टेस्ट ड्राइव्हला न्या. आणि डीएसजी घेतलीत, तर वाढीव वॉरंटी घ्याच. गिअरबॉक्सची दुरुस्ती महाग पडते.