गाडीच्या ॲव्हरेजचा आकडा वाचताना या चुका टाळा

"एआरएआयचं ॲव्हरेज 22 लिहिलंय, मला 14च मिळतंय. कंपनीनं फसवलं!" हे वाक्य ऐकून माझे कान किटलेत. फसवलं कुणी नाही. एआरएआय ही गाड्यांची चाचणी करणारी संस्था; तिचा तो आकडा कसा काढतात हे गाडी घेण्याआधी विचारायचा कंटाळा केलात, एवढंच.

तो आकडा रस्त्यावरचा नसतोच. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर चढवतात, ठरलेल्या क्रमानं वेग वाढवतात, उतरवतात, आणि धुरातल्या कार्बनवरून किती इंधन जळलं ते काढतात. सगळा खेळ वीस मिनिटांच्या आत आटोपतो. वेग 90च्या वर जात नाही, एसी बंद. खंबाटकी घाट नाही, डिकीत आंब्याच्या पेट्या नाहीत. एकाच परीक्षेला बसलेल्या दोन गाड्यांची तुलना करायची, तर हा आकडा उत्तम. खिशातून किती जाणार याचा अंदाज हवा असेल, तर मी सरळ पाव भाग वजा करतो. शहरातच फिरणार असाल तर तिसरा भाग. याला शास्त्र वगैरे नाही, सवय आहे.

दुसरी चूक मोजण्यातली, आणि ती तर घरोघरी. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी नव्या गाडीत हजाराचं पेट्रोल टाकलं, काटा पुन्हा पहिल्या जागी येईपर्यंत गाडी चालवली आणि भागाकार केला. आलं 11. तडक सर्व्हिस सेंटर गाठलं. तिथल्या पोरानं इंजेक्टर साफ करून घ्यायला सांगितलं, काकांनी पैसे मोजले. पुढच्या खेपेला आलं 17, म्हणून पेढे! मी म्हटलं, काका, काट्यावर कसला भरवसा ठेवता? टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की थांबा, ट्रिप मीटर शून्यावर आणा. चारेकशे किलोमीटर झाले की त्याच पंपावर, त्याच नोझलवर पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. किलोमीटर भागिले लिटर. असं दोन-तीनदा केल्यावर दर वेळी 15च्या आसपास आलं. कोथरूड ते हिंजवडी, एसी लावून, त्या ट्रॅफिकमध्ये 15 म्हणजे गाडी ठणठणीत आहे. इंजेक्टरला हात लावायची गरजच नव्हती. पण चार आठवडे धीर कुणाला आहे? सगळ्यांना संध्याकाळपर्यंत उत्तर हवं.

सीएनजीचं ॲव्हरेज किलोवर असतं, लिटरवर नाही. एक किलो सीएनजीत लिटरभर पेट्रोलच्या जवळपास दीडपट ऊर्जा असते, त्यामुळे तो आकडा मोठा दिसणारच. तुलना रुपये प्रति किलोमीटरमध्ये करा.

विजेच्या गाडीच्या रेंजचंही तेच. इथल्या चाचणीची रेंज आणि परदेशी रिव्ह्यूतली डब्ल्यूएलटीपी (तिकडची चाचणी पद्धत) रेंज शेजारी शेजारी मांडू नका. तिकडची चाचणी जास्त वेगाची आणि जास्त कडक आहे.

काचेवरच्या स्टिकरची हिरवी पट्टी म्हणजे 'कमी पेट्रोल पिणारी गाडी' नव्हे. ती बीएस-6 या धुराच्या नियमाची खूण, म्हणजे नायट्रोजन ऑक्साइड आणि धूलिकणांचा विषय. भारत एनकॅपचे पाच तारे अपघातातल्या सुरक्षेचे. फ्रिजवरचे तारे बघून बघून लोक इथेही विजेचं बिल शोधतात.

कॅफे निकषांचा, म्हणजे कार कंपन्यांवरच्या सरकारी इंधन-बचतीच्या नियमांचा, किलोमीटरमागे 113 ग्रॅम कार्बन डायऑक्साइडचा आकडा तर हमखास चुकीच्या जागी चिकटवला जातो. 2022-23 पासूनची ही मर्यादा एकेका गाडीची नाही, कंपनीनं वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या सरासरीची आहे, तीही त्यांच्या वजनाप्रमाणे सैल-घट्ट होणारी. विजेची एक गाडी या हिशेबात तिनदा मोजतात. त्यामुळे कंपनी निकषात बसली म्हणून तिची अजस्र एसयूव्ही कमी पिते असं होत नाही.

शेवटी एक हिशेब, कारण तो कुणी करतच नाही. महिन्याला 1000 किलोमीटर धरा. 20ची गाडी सोडून 24ची घेतलीत तर वाचतं साधारण सव्वाआठ लिटर. 10ची सोडून 12ची घेतलीत तर पावणेसतरा. घरात दोन गाड्या असतील तर आधी जास्त पिणारी बदला. लोक नेमकी छोटी गाडी विकायला काढतात.